वेल्डरवाली बाटली

अमरावतीत एका मेडिकलच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं उभा आहे. दुकान माझं नाही. मालक सकाळी येऊन उदबत्ती लावतात आणि जातात, मधला दिवस माझा. इतकी वर्षं एका जागी उभं राहिलं की माणूस निम्मा डॉक्टर आणि पुरा आगाऊ होतो. माझंही तेच झालं. गिऱ्हाईक डोळे चोळत पायरी चढलं की त्यानं तोंड उघडायच्या आत मी विचारतो, "कूलर तोंडासमोर लावून झोपता ना?" माणूस चाट पडतो. यात चाट पडण्यासारखं काही नाही. मे महिन्यात अख्खं अमरावती कूलर तोंडासमोर लावून झोपतं.

मग माझं भाषण सुरू होतं. हवा पायाकडून घ्या, डोळ्यावर नको. गाडीवर जाताना दुपट्टा बांधता, मग चष्मा लावायला काय होतं? तोंड झाकून डोळे तेवढे उन्हात टाकायचे, हे कोणतं शहाणपण? मोबाइल बघताना पापण्या मारा. माणूस एकटक बघायला लागला की पापणी मारायचं विसरतो, आणि मारली तरी अर्धीच मारतो. गुलाबजल नको, मध नको, मावशीनं सांगितलं म्हणून एरंडेल तर मुळीच नको. डोळे पांढरे करणारे थेंब रोज घालाल तर पस्तावाल. साधे ओलाव्याचे थेंब न्या, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, माझ्याकडे येऊ नका. लोक म्हणतात, भाऊला लय माहिती आहे. आहेच.

ही सगळी अक्कल दुकानात. घरी मी बोलत नाही. घरी गेलो की चप्पल काढतो, जेवतो, टीव्ही लावतो. बायकोनं काही दुखतं म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं: "होते बरं. पाणी पेत जाय." दिवसभर लोकांची दुखणी ऐकून कान किटलेले असतात, त्यात घरचं कोण ऐकेल? दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

बायको नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात चेकर होती. चेकरचं काम बसल्या जागी डोळ्यांचं. समोर तिरकं काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि त्या उजेडावरून कापड सरकत राहतं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काय दिसेल ते पकडायचं आणि कडेला स्टिकर लावायचं. कापड कोणासाठी थांबत नाही. "पापणी लवली की हातभर गेलं," ती म्हणायची. त्या हॉलमध्ये एकटक बघण्याला मान होता. नवीन पोरी आल्या की सुपरवायझर त्यांना तिच्या मागे उभं करायचा. "ताईकडे पाहा. पापणी मारते का?" हे ती घरी येऊन सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेला एकही तागा परत आला नव्हता.

कापडावर कापसाचं भुसकट बसू नये म्हणून त्या हॉलला मोठे पंखे होते, आणि त्यांचा झोत थेट टेबलावर. आठ तास तो झोत खाऊन ती घरी यायची, तर घरी कूलर. आमचा कूलर खिडकीत आहे, आणि खिडकीकडची बाजू तिची. मला झोत सोसत नाही, सर्दी होते. लग्नापासून तिकडे तीच झोपत आली.

एप्रिलात ती पहिल्यांदा म्हणाली, "डोळ्यात रेती गेल्यावानी वाटून राहिलं."

"पाण्याचे सपके मार."

"मारले ना."

"मंग होते बरं."

नाही झालं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. दुपारनंतर धूसर दिसायचं, पापणी मारली की साफ, दोन मिनिटांत परत धूसर. हेच एखाद्या गिऱ्हाइकानं सांगितलं असतं तर मी अर्धा तास बोललो असतो. तिला मी ओलाव्याचे थेंबसुद्धा आणून दिले नाहीत. विसरत होतो असं म्हणता येईल, पण ज्या फळीवर ते असतात ती माझ्या नाकासमोर आहे.

मे महिन्यात कारखान्यात मोठी ऑर्डर आली. दीड महिना कोणाला सुट्टी नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या टेबलावरून दोन चुका सुटल्या. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, डोळे दाखवून घ्या, नाहीतर पॅकिंगला बसा." पॅकिंग म्हणजे तयार कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं. ते कोणीही करतं. ती घरी आली आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. दवाखान्यात जा म्हटलं तर सुट्टी नाही, रविवारी दवाखाना बंद. सकाळी रेती, जेवताना रेती, झोपताना रेती. माझं डोकं पिकलं होतं.

आता ती बाटली.

आमच्या दुकानामागच्या गल्लीत वेल्डिंगची पाच-सहा दुकानं आहेत. ग्रिल, गेट, कूलरचे स्टँड. हे लोक काळी काच बाजूला ठेवून डोळे मिचकावत काम करतात आणि संध्याकाळी डोळे सुजवून आमच्या काउंटरवर येतात. "भाऊ, वेल्डिंग लागली." त्यांच्यासाठी आमच्या फ्रिजमध्ये एक बाटली असायची. डॉक्टर डोळ्याला हात लावण्याआधी सुन्न करणारा थेंब घालतात ना, तोच. वेल्डर स्टुलावर बसायचा, मान मागे टाकायचा, मी एकेक थेंब सोडायचो, आणि मिनिटभरात त्याचा चेहरा सैल पडायचा. "जादू आहे राजा," म्हणायचा. खरं पाहिलं तर हेही आमचं काम नव्हे, पण गल्लीचा रिवाज पडला होता आणि तो कोणी मोडला नाही. बाटली मात्र कोणाच्या हातात द्यायची नाही. कितीही पाया पडू दे. कारण ते औषध डोळा बरा करत नाही, डोळ्याची फक्त तक्रार बंद करतं. रोज घातलं तर आपल्याला लागलंय हेच डोळ्याला कळत नाही, आणि तो सडतो. हे मला पाठ होतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कोणी समजू नये.

मेच्या मध्यात एका संध्याकाळी मी ती बाटली शर्टाच्या खिशात घालून घरी आणली.

ती कणीक मळत होती. "काय आणलं?"

"थेंब."

"माह्यासाठी?"

"मंग काय शेजारणीसाठी?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मान मागे टाकून बसली, वेल्डर बसतात तशीच. मी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. तिनं पापण्या मारल्या, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाप्पा! रेती गेली."

"दोनदाच घालजो. सकाळी अन् संध्याकाळी."

"हाव."

मी टीव्ही लावला. त्या संध्याकाळी घरात कोणी डोळ्याचं नाव काढलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

दोनदाचं चारदा कधी झालं मला माहीत नाही. बाटली तिच्या पर्समध्ये गेली आणि पर्सबरोबर कारखान्यात गेली. थेंबाचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त झोंबायचं, म्हणून परत थेंब. बाटली संपली, मी दुसरी आणली. मग तिसरी. तिनं मागितली की मी आणत होतो, पाव आणावा तशी. एकदा जेवताना पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती आणि तिची पापणी लवत नव्हती. मोजायला लागलो तर पंचवीस झाले तरी नाही. मी भाजी वाढून घेतली.

ऑर्डर वेळेत गेली. तिच्या टेबलाचं कापड परत आलं नाही. सुपरवायझरनं हॉलमध्ये पेढे वाटले आणि तिनं तिच्या वाटचा पेढा रुमालात बांधून माझ्यासाठी आणला. मी खाल्ला.

जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही विहारातून वंदना करून आलो. ती हिरव्या मिरच्या चिरायला बसली, ठेच्यासाठी. बोलता बोलता तिनं त्याच हाताच्या बोटानं उजवा डोळा चोळला आणि बोलत राहिली. उजव्या डोळ्यातून पाणी नाही, चेहऱ्यावर आठी नाही, काही नाही. ती चांदूर रेल्वेच्या कुण्या लग्नाचं सांगत होती. मी तिच्या बोटाकडे पाहिलं. बोटावर मिरचीचं बी चिकटलेलं होतं.

"झोंबत नाही का तुले?"

"काय?"

तिला हाताला धरून दारात उजेडात नेलं. उजव्या डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरट कडं होतं, वाटीतल्या पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं. डावा डोळा झाकायला लावला आणि बोटं दाखवली. "धुकं आहे," ती म्हणाली. "दोन आहेत का तीन?" मी चार दाखवत होतो. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डोळ्यात पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, अकोल्याला बुबुळाच्या डॉक्टर आहेत, घरी न जाता सरळ तिकडे जा. आम्ही बसनं गेलो. बसमध्ये ती झोपली. मी रस्ताभर खिडकीबाहेर पाहिलं, पण काय पाहिलं ते विचारू नका.

अकोल्याच्या डॉक्टर चाळिशीच्या असतील. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बराच वेळ पाहिलं. मग थोडा कापूस घेऊन बोटात वळून त्याचं बारीक टोक केलं आणि ते डाव्या बुबुळाला हळूच लावलं. बायको दचकून मागे सरली. मग उजव्याला लावलं.

"लागलं?"

"लावलं का?" बायकोनं विचारलं.

मॅडमनी कापूस खाली ठेवला. "कोणते थेंब घालत होता, ताई?"

तिनं पर्समधून बाटली काढून दिली. मॅडमनी नाव वाचलं, परत वाचलं आणि मान वर केली. "हे तुम्हाला कोणी दिलं?"

मी तिच्या बाजूलाच उभा होतो, हातभर अंतरावर.

"मीच आणलं जी," बायको म्हणाली. "शेजारी वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडून."

मग मॅडम तिला बोलल्या. मोठ्यानं नाही, पण बोलल्या. शिकलेल्या दिसता, कारखान्यात जबाबदारीचं काम करता, आणि असा येडेपणा? दुसऱ्याचं औषध डोळ्यात घालतात का? मधे मला विचारलं, "भाऊ, घरात तुमचं लक्ष नव्हतं?" मी म्हणालो, "नाही मॅडम." खरं तर तेही खोटं होतं, माझं लक्ष होतं. नंतर मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत उभा राहिलो. शेवटची ओळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती.

मॅडमनी तिला समजावून सांगितलं. डोळ्यातलं पाणी काही फक्त रडण्यापुरतं नसतं, ते दिवसभर डोळ्यावर पसरलेलं असतं. रश्श्यावर तर्री असते ना, तसा त्यावर तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते लवकर सुकत नाही. ते तेल पापणीच्या कडेतून येतं, आणि पापणी पूर्ण मिटली तरच येतं. तुम्ही अकरा वर्षं पापणी दाबून ठेवली आणि वरून पंख्याचा झोत घेतला. "एवढाच आजार होता, ताई. पापण्यांना गरम कापडाचा शेक, ओलाव्याचे थेंब, झोत बाजूला, आणि काम करताना मधून मधून डोळे पूर्ण मिटायचे. एवढ्यावर भागलं असतं." माझं दुकानातलं भाषणच त्या बोलत होत्या, जवळपास शब्दाला शब्द.

आता काय, तर डावा डोळा थोडक्यात वाचला होता, पण उजव्या बुबुळाला जखम होती आणि ती भरत नव्हती, कारण डोळ्याला जखमेची खबर नव्हती. सुन्न डोळा पापणी मारत नाही, पाणी आणत नाही, स्वतःला वाचवत नाही. बुबुळात जाणीव परत आली तर जखम भरेल, थोडा डाग राहील, दिसेल. नाही आली तर डोळा जाईल. "वाचेलच असं मी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढचे काही दिवस कपाळ, भुवई ठणकेल, ते थेंब सुटल्याचं. ते सोडा. बुबुळाला काही टोचलं, झोंबलं, असं ज्या दिवशी होईल त्या दिवशी मला फोन करा. तोवर न दुखणं हीच वाईट बातमी समजा."

दोन दिवसांनी त्यांनी उजव्या पापण्या बाहेरच्या बाजूनं टाके घालून अर्ध्या मिटवल्या, म्हणजे जखमेला झाकण राहील. बायको अर्ध्या डोळ्यानं अमरावतीला परत आली. कारखान्यानं पॅकिंगला घेतो म्हटलं. ती गेली नाही.

मग पाऊस लागला आणि आमचे दिवस एकसारखे झाले. दर तासाला थेंब, झोपताना मलम. दुकानातून मी तासातासाला सायकलवर घरी यायचो आणि जायचो, मालक काही बोलले नाहीत. थेंब घालताना मी तिच्या डोळ्याकडे बघायचो नाही, बाटलीच्या टोकाकडे बघायचो. सकाळी उठल्या उठल्या विचारायचो, "दुखते का?"

"नाही."

दुखणं हत्तीच्या पायानं येतं अन् मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. आमच्या घरी त्या हत्तीचीच वाट बघणं चाललं होतं. ती स्वतः बोट लावून बघायची, मॅडमनी दटावलं तेव्हा थांबली. चुलीच्या धुरात जाऊन उभी राहायची. एकदा कांदा डोळ्याजवळ धरून बसलेली मी पाहिली. डाव्यातून धार, उजवा कोरडा ठाक.

दुकानात वेल्डर आले की मी सांगायचो, थेंब नाहीत, दवाखान्यात जा. "काऊन भाऊ, राग आला का?" नाही आला. घरी मी कूलर खिडकीतून काढून माळ्यावर टाकला आणि खिडकीकडची बाजू मी घेतली. पावसाळ्यात त्याचा काय उपयोग? तिनं पाहिलं आणि आपली उशी भिंतीकडे नेली.

ती कशावरच काही म्हणत नव्हती. मी रोज वाट बघायचो की आज बोलेल. ताट आपटेल, एखादी शिवी देईल, माहेरी निघून जाईल. बापा, काही तरी कर, असं मनात यायचं. ती भाकरी करायची, थेंबाची वेळ झाली की मान मागे टाकून बसायची. माझंही तसंच चाललं होतं. आतून काही हलत नव्हतं. जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी अकोला. मॅडम कापसाचं टोक लावायच्या, विचारायच्या, "लागलं?" आणि ती म्हणायची, "नाही जी." गणपती झाले. टाके काढले. जखम थोडी आकसली होती, पण जाणीव नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका फेरीला मॅडम म्हणाल्या, कडेला थोडं कळतंय, मधे अजून नाही, बघू. हे बघू त्यांनी मागच्या खेपेलाही म्हटलं होतं. आम्ही दुपारची अमरावतीची बस धरली. खिडकीला ती, बाजूला मी. शेतात सोयाबीन निघालं होतं आणि रस्त्याच्या कडेला जागोजागी मळणी चालू होती. बोरगाव मंजू सोडल्यावर थेंबाची वेळ झाली. तिनं काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मी बाटलीचं झाकण उघडत होतो. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला म्हणून बस मंद झाली, शेजारीच मळणीचं यंत्र धडधडत होतं, आणि सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, एक लोट सरळ खिडकीतून आत आला.

"माय वं!" ती ओरडली. "गेलं, गेलं डोळ्यात!"

ती डोळा चोळायला गेली, मी हात धरला. "कोणत्या?"

"उजव्या! सोडा ना हात!"

"उजव्या? दुखते?"

"आग होऊन राहिली, दिसत नाही का तुमाले? घाला ना थे थेंब, पाहून काय राहिले!"

तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पापणी फडफडत होती, थांबत नव्हती. मी थेंब घातले, परत घातले, कुटाराचा एक कण कोपऱ्यात आला, तो पदराच्या टोकानं काढला. ती दात-ओठ खाऊन कण्हत होती आणि समोरच्या बाकावरची एक म्हातारी मागे वळून माझ्यावर डाफरली, "बाई तडफडून राहिली अन् तू हसतं कायले रे?" तेव्हा मला कळलं की मी हसत होतो.

"दुखलं," मी बायकोला म्हणालो. "दुखलं तुले."

"दुखलं तर काय नाचू?" असं म्हणून तिनं माझा हात झटकला. मग माझ्याकडे वळली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती, एक डोळा लालभडक.

"अख्खी गल्ली सांगते, थ्या वेल्डिंगवाल्याच्या हातात बाटली देत नाही तुमी," ती म्हणाली. "मले देल्ली."

"हाव."

"मॅडमनं मले येडी म्हटलं. तुमी बाजूले उभे होते. भिंतीवरचे अक्षरं वाचून राहिले होते."

"हाव."

"काऊन देल्ली?"

म्हातारी ऐकत होती. कंडक्टर ऐकत होता. तुझे हाल पाहवत नव्हते, असं मी म्हणू शकलो असतो. तुझी टेबलाची जागा जाईल म्हणून, असंही म्हणता आलं असतं, आणि तिनं ते कदाचित मानलंही असतं.

"तुही कटकट बंद व्हावी म्हणून," मी म्हणालो.

तिनं खिडकीची काच ओढून घेतली. पदर डोळ्याला लावून ठेवला होता.

"थे माहीत होतं मले."

"कवा?"

"तवाच. तुमी थेंब घातले अन् टीव्ही लावला."

"मंग घालत काऊन राहिली?"

"चोवीस वर्षांत तुमी दुकानातून माह्यासाठी कधी काही आणलं नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आणलं होतं."

बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर लागली. म्हातारी उतरली. मला लाज वाटली, इतकी, की ती दुखायला लागली. मान वर करता येईना. लोक चढले, बस निघाली.

"मॅडमले फोन लावा," बायको म्हणाली.

मी मोबाइल काढला आणि नंबर लावला. तिकडून मॅडमचा आवाज आला, हॅलो, कोण बोलतंय? मला सांगायचं होतं, सगळंच सांगायचं होतं, बाटलीपासून. तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. तिकडून परत हॅलो आलं. मग बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी बोलून राहिली," ती म्हणाली. "दुखून राहिलं."